डीपीएफ, ईजीआर, कॅट काढून टाकायचं का? आधी ती जाळी तुंबली कशाने ते बघा

गोव्यातल्या साखळी गावच्या एका भाऊंनी विचारलंय. बीएस६ डिझेल एसयूव्ही, २०२१ ची, ६२ हजार किलोमीटर झालेत. महिन्यातून दोनदा डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरची, लाईट येते, दोन वेळा गाडी लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे पिकअपच नाही, चढणीला रांगत रांगत घरी आणली. सर्व्हिस सेंटरने नवीन डीपीएफचं कोटेशन दिलं सव्वा लाखाचं. आणि ओळखीतला एक ट्यूनर म्हणतो ३५ हजारात सगळं डिलीट करतो, डीपीएफ पोकळ, ईजीआर (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद, वर रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलणं, पॉवर पण वाढेल आणि ॲव्हरेज पण. तर काढू का, फायदे-तोटे काय ते खरं सांगा, असा प्रश्न.

मी या धंद्यात २६ वर्षं आहे. पहिली तेरा वर्षं उसगावला खाणीच्या टिप्परवर गेली, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा कार आणि पिकअपकडे वळलो, डिझेल इंजेक्शनचं काम जास्त करतो. मी स्वतः ईजीआरला कोरी प्लेट मारून, म्हणजे त्याची वाट बंद करून, दिलेल्या गाड्या पंधरा-वीस तरी असतील, त्यामुळे हे सगळं बाहेरून बघून सांगत नाहीये. २०१८ पासून मी ते काम पूर्ण बंद केलं, का ते खाली येईलच.

आधी फायद्यांबद्दल, कारण ते नाहीतच असं म्हणणं खोटं होईल. डीपीएफ हा सिरॅमिकचा डबा, त्याच्या बारीक भोकांच्या भिंतीतून धूर गाळला जातो आणि काजळी आत अडकते. अडकली की बॅक प्रेशर वाढतो, इंजिनला धूर बाहेर ढकलायला जोर लावावा लागतो. मग ती काजळी जाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्तीचं डिझेल मारतो, यालाच आपण रीजन म्हणतो, आत साधारण ६०० डिग्रीपर्यंत तापतं. डबाच काढला तर हे दोन्ही गेलं, रीजनचं डिझेल वाचलं, गाडी खालून थोडी मोकळी वाटते, आणि ते सव्वा लाखाचं कोटेशन डोक्यावरून उतरलं. ईजीआर बंद केला तर इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा जायची वाट, स्वच्छ राहतो. ज्यांनी डिझेलचा मॅनिफोल्ड उघडलेला बघितलाय त्यांना माहिती आहे आत काय असतं, काळा चिकट लगदा, बोट घातलं तर निघत नाही, काही गाड्यांत अर्धी वाट बुजलेली असते. ते नको वाटणं साहजिक आहे. आणि ईजीआर कूलर फुटून पाणी इंजिनात जायची भीती पण जाते. हे सगळं खरं आहे, ट्यूनर तुम्हाला इथपर्यंत खोटं सांगत नाहीये.

पण तो एक गोष्ट विचारत नाही, की ६२ हजारात हा डबा भरलाच कशाने?

बघा, डीपीएफमध्ये दोन गोष्टी साठतात. एक काजळी, जी जळते. दुसरी राख, जी इंजिन ऑइलमधल्या ॲडिटिव्हची असते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही. राखेने डबा भरायला साधारण लाख-दीड लाख किलोमीटर तरी लागतात, तेव्हा खरंच काढून साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो. ६२ हजारात राखेने भरायचा नाही, ऑइल चुकीचं घातलं नसेल तर. म्हणजे तुमच्याकडे काजळीचा प्रॉब्लेम आहे, आणि काजळी जास्त का होतेय किंवा जळत का नाहीये याला कारण असतं. मोरीच्या तोंडावरची जाळी तुंबली की आपण जाळी उपटून फेकत नाही, आधी केस काढतो आणि केस कोण टाकतंय ते बघतो. जाळी उपटली तर मोरी वाहील हो, पण तो गुंता पुढे पाइपात जाऊन बसेल.

कारणं गोव्यात ठरलेलीच आहेत, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांत यातलंच काहीतरी निघतं. पहिलं म्हणजे वापर. तुम्ही लिहिलंय साखळी-डिचोली दिवसाला दोन-तीन फेऱ्या. आठ-नऊ किलोमीटर, त्यात बाजार, त्यात बायकोला सोडायला थांबणं, एसी चालू ठेवून गाडी उभी. इंजिन नीट तापतं न तापतं तोच बंद. रीजन सुरू झालं तरी पंधरा-वीस मिनिटं लागतात ते पुरं व्हायला, आपण मधेच चावी काढतो. पुढच्या वेळी परत सुरू, परत अर्धवट. असं चार-पाच वेळा झालं की लाईट येते. आणि त्या प्रत्येक अर्धवट रीजनमध्ये मारलेलं जास्तीचं डिझेल सगळं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

आता हे तुम्ही स्वतः बघू शकता, पैसे लागत नाहीत. सकाळी गाडी थंड असताना सपाट जागेवर डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, काढा. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर आलं असेल तर ते वाढलेलं ऑइल नाही, बहुतेक डिझेल आहे. वास घ्या, कळतो. एक थेंब टिश्यू पेपरवर टाका, तासाभराने काळ्या डागाच्या बाहेर पातळ पिवळट कडा पसरली असेल तर नक्कीच मिसळलंय. मागच्या जूनमध्ये एक गाडी आली होती, ऑइल मॅक्सच्या बोटभर वर, मालक खूश होता की गाडी ऑइल खात नाही. त्याला तो थेंब पसरताना दाखवला तेव्हा गप्प झाला. असं पातळ ऑइल टर्बोच्या बेअरिंगला पुरत नाही, आणि टर्बोचा खर्च डीपीएफच्या खालोखालच येतो.

दुसरं कारण तुमच्या भागातलंच, तांबडी धूळ. साखळी, डिचोली, सावर्डे, कुडचडे, खाण पट्ट्यातल्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरपर्यंत टिकतच नाही. फिल्टर चोक झाला की हवा कमी, हवा कमी की डिझेल नीट जळत नाही, म्हणजे काजळी. मी फिल्टर आपटून बघतो, विटेच्या भुशासारखी माती पडते. बाहेरून ठीक दिसतो आणि घड्या उघडल्या की आत लाल. चारशे-पाचशेची वस्तू आहे, प्रत्येक पावसाळ्याच्या आधी आणि परत दिवाळीनंतर बदला, इतकंच.

तिसरं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह. हे कोणी बघतच नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन पूर्ण तापत नाही, मग ईसीयू रीजनला परवानगीच देत नाही. वास्कोचा एक टॅक्सीवाला माझ्याकडे आला होता, दाबोळी विमानतळावर उभा राहणारा, दिवसभर एसी लावून थांबायचं आणि मग कळंगुट किंवा कोलव्याची ट्रिप. दोन ठिकाणी त्याला डीपीएफ गेला म्हणून सांगितलं होतं. स्कॅनर लावला तर चालत्या गाडीत कूलंटचं तापमान ६५ च्या वर चढेना. थर्मोस्टॅट बदलला, फोर्स्ड रीजन (स्कॅनरवरून मुद्दाम सुरू केलेलं रीजन) दिलं, ऑइल-फिल्टर बदललं, सगळं मिळून दहा हजाराच्या आत. ती गाडी त्यानंतर सव्वा लाख किलोमीटर चालली, डबा तोच आहे. आणि याच माणसाला कोणीतरी म्हणलं होतं, ‘काडून उडय रे, कित्याक दुडू मोडटा.’ म्हणजे काढून फेक रे, पैसे कशाला घालवतोस.

बाकी पण बरंच असतं. इंटरकूलरच्या पाइपाला चीर असते आणि हवा बाहेर फुसकते, पावसात उंदीर बोनेटखाली घुसून पाइप आणि वायरी कुरतडतात, डीपीएफच्या प्रेशर सेन्सरची बारीक नळी फुटते किंवा तुंबते आणि डबा रिकामा असून सेन्सर भरला म्हणून सांगतो, एखादा इंजेक्टर गळतो, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा चिकटतो, टर्बो ऑइल सोडतो. टाकीत कायम रिझर्व्हवर डिझेल ठेवणाऱ्यांनी पण लक्षात घ्या, बऱ्याच गाड्यांत डिझेल कमी असलं तर रीजन सुरूच होत नाही. आणि ऑइल. बीएस६ डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये एसीईए सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं. बाहेरच्या गॅरेजात बॅरलमधलं ट्रकचं ऑइल घातलं तर राख लवकर साठते आणि मग वर मी म्हणालो ते लाख-दीड लाखाचं गणित कोसळतं. तुम्ही शेवटचे दोन सर्व्हिस कुठे केले आणि बिलावर कुठलं ऑइल लिहिलंय ते शोधा.

आता समजा यातलं काहीच न बघता डबा कापला. गळका इंजेक्टर तसाच राहिला, फक्त तो आता कळायचा मार्ग बंद झाला, कारण लाईट तर सॉफ्टवेअरमधूनच मारली. सहा महिन्यांनी पिस्टनला भोक पडतं तेव्हा कळतं. दोन इंजिनं मी अशी उघडलीत. एकात पिस्टनचा माथा एका बाजूने मेणबत्तीसारखा वितळला होता, इंजेक्टरची धार सरळ तिथे पडत होती. मालकाने डिलीटला चाळीस हजार घातले होते, आपण पैसे वाचवतोय असं समजून.

रिमॅपचं पण असंच. डिलीटची फाइल बहुतेक वेळा कुठूनतरी विकत घेतलेली असते, त्यात डीपीएफ बंद करताना बूस्ट किती वाढवलाय, धुराची मर्यादा किती उठवलीय हे तुमच्या मेकॅनिकलाही माहिती नसतं. बॅक प्रेशर गेला की टर्बो जास्त वेगाने फिरायला बघतो, मॅप नीट नसेल तर ओव्हरबूस्ट, वर क्लच घसरायला लागतो. आणि कधी सर्व्हिस सेंटरला गाडी गेली आणि त्यांनी ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट केलं तर तुमची फाइल पुसली जाते, गाडी डीपीएफ शोधायला लागते, डीपीएफ नाही, म्हणजे सरळ लिम्प मोड. पेडण्याची एक गाडी अशीच टो करून आली होती. ३५ हजार परत मोजावे लागले त्यांना, दुसऱ्यांदा फाइल घालायला.

ईजीआरबद्दल थोडं वेगळं सांगतो. तो जळलेल्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडतो, त्यात ऑक्सिजन कमी असतो म्हणून आतली आग जरा मंदावते आणि तापमान खाली राहतं. तापमान फार चढलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नॉक्स तयार होतो. नॉक्स डोळ्याला दिसत नाही, धूर काळा नसतो, म्हणून ईजीआर बंद केलेल्या गाडीचा मालक मागे बघतो आणि म्हणतो माझी गाडी तर स्वच्छ. बीएस४ डिझेल कारला नॉक्सची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, बीएस६ ला ८० झाली. काजळीच्या कणांची २५ वरून ४.५ मिलिग्रॅम. आणि १ एप्रिल २०२० पासून पंपावरचं डिझेल पण बदललं, सल्फर ५० पीपीएमचा १० पीपीएम झाला, म्हणूनच हे फिल्टर टिकायला लागले. तेवढ्यासाठी तुम्ही गाडी घेताना बीएस४ पेक्षा जास्त पैसे मोजलेत, ते आता कापून भंगारात द्यायचे. ईजीआर काढून साफ करायला माझ्याकडे दोन-अडीच तास लागतात, ५०-६० हजार किलोमीटरला एकदा केलं की मॅनिफोल्डमधला लगदा पण आटोक्यात राहतो. बंद करायची गरज पडत नाही. फक्त कूलर फुटून रस्त्यात पाणी जात असेल तेव्हा गाडी घरी पोचेपर्यंत तात्पुरती प्लेट मी समजू शकतो, कूलर बदलला की ती प्लेट निघाली पाहिजे.

मी हे काम का सोडलं ते सांगतो म्हणालो होतो. फोंड्याजवळ एका गावात एका गिऱ्हाइकाच्या घरी गेलो होतो, गाडी सुरू होत नव्हती म्हणून. मीच दोन वर्षांपूर्वी त्याची ईजीआर बंद केली होती, डीपीएफ त्याने दुसरीकडून काढून घेतला होता. जुनं घर, पुढे बाल्कांव, म्हणजे बसायचा ओटा, आणि गाडी रोज रिव्हर्स घालून अशी लावलेली की सायलेन्सरचं तोंड सरळ बाल्कांवाकडे. तिथे त्याची आई बसलेली, काठी शेजारी टेकवलेली. गाडी सुरू केली, पाच मिनिटं चालू ठेवली, ती म्हातारी उठून आत गेली, काही बोलली नाही, रोजचीच सवय असल्यासारखी. आंगणात तुळस होती, मी सहज एका पानावर बोट फिरवलं. बोट काळं झालं. तेलकट काळं, पुसलं तरी रेषांत राहिलं. मी गॅरेजात रोज काळ्या हातांनीच असतो, पण तुळशीच्या पानावरचं ते काळं बघून मला बरं वाटलं नाही. भिंतीचा चुना पण तेवढ्या पट्ट्यात राखाडी झाला होता. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच पक्क्या यादीत टाकलंय, ते वाचलेलं होतं मी, पण वाचणं वेगळं. चांगला चालणारा डीपीएफ त्या कणांतले ९० टक्क्यांहून जास्त अडवतो. तो काढला की ते पहिले कोणाला मिळतात? तुम्हाला नाही, तुम्ही पुढे काचा लावून बसलाय. शाळेबाहेर उभी असलेली पोरं, मागून येणारा स्कूटरवाला, आणि आपल्याच घरची माणसं.

पेट्रोलवाल्यांसाठी थोडक्यात, कारण म्हापशा-पणजीकडची बरीच मुलं कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढायला विचारतात, आवाजासाठी. साध्या पेट्रोल इंजिनात कॅट पोकळ करून मिळणारी पॉवर सीटवर बसून कळणारसुद्धा नाही, कळतो तो फक्त आवाज. मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच ओरडतो, पी०४२० कोड येतो, मग त्याला फसवायला स्पेसर लावा वगैरे. कॅट कार्बन मोनॉक्साइड मारतो, तो काढला आणि खालचा पाइप आपल्या खाऱ्या हवेत गंजून फुटला की तो वायू केबिनमध्ये येऊ शकतो, त्याला वास नसतो. आणि कॅट वितळला असेल तर तोही काहीतरी सांगतोय, बहुतेक प्लग किंवा कॉइल मिसफायर होऊन कच्चं पेट्रोल त्यात जाऊन जळतंय. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी विचारा, काढलेला कॅट कुठे गेला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारातसुद्धा त्याला चांगले हजारात पैसे मिळतात. ‘फुकट काढून देतो पात्रांव (मालक)’ म्हणणारा गॅरेजवाला फुकट काढत नसतो.

कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणजे कंपनीने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रदूषणाचं कलम १९०(२), त्यात पहिल्या वेळी १० हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने रद्द होऊ शकतं. आता तुम्ही म्हणाल पीयूसी तर मिळते. मिळते, खरंय, कारण डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. पीयूसीचा कागद हातात आहे म्हणून गाडी बरोबर आहे असं होत नाही. वॉरंटी तर जातेच, आणि उद्या क्लेमच्या वेळी इन्शुरन्सच्या सर्व्हेयरला बोट ठेवायला जागा मिळते. गाडी विकायला काढलीत तर आता सेकंड हँडवाले पण स्कॅनर घेऊनच येतात.

तर तुम्ही काय करा. सव्वा लाख पण नको आणि ३५ हजार पण नको, अजून नको. आधी ज्याच्याकडे नीट स्कॅनर आहे त्याच्याकडे जा आणि नुसता कोड पुसून घेऊ नका, लाइव्ह डेटा बघायला सांगा: काजळी किती ग्रॅम दाखवतेय, राख किती, आयडलला डिफरन्शियल प्रेशर (डब्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक) किती, शेवटचं पूर्ण रीजन किती किलोमीटरपूर्वी झालं, आणि गाडी गरम झाल्यावर कूलंटचं तापमान कुठे थांबतंय. या पाच आकड्यांत तुमचं उत्तर आहे. त्याच वेळी एअर फिल्टर उघडून बघा, इंटरकूलरचे पाइप हाताने चाचपा, सेन्सरच्या नळ्या काढून फुंकून बघा. इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे ईसीयू प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दिसला तर तो टेस्ट बेंचवर.

कारण सापडलं, दुरुस्त झालं, की फोर्स्ड रीजन. ते मोकळ्या जागेत करा, खाली सुकं गवत नको. मार्च-एप्रिलमध्ये सड्यावर काजूच्या बागेशेजारी गाडी उभी करून कोणी हे केलं तर आग लागेल, खालचा पाइप इतका तापतो. मग ऑइल आणि फिल्टर बदला, रीजनच्या आधी नाही, नंतर, कारण डिझेल उतरलेलं ऑइल तेव्हाच बाहेर काढायचं असतं. प्रेशर वॉशरने किंवा ॲसिड ओतून डबा धुणाऱ्यांकडे जाऊ नका, आतलं सिरॅमिक फुटतं आणि ते काळं पाणी शेवटी ओहोळात जातं.

आणि पुढे दर पंधरा दिवसांनी एकदा गाडीला लांब न्या. चोर्ला घाट जवळ आहे तुम्हाला पण तिथे चढताना तापतं आणि उतरताना परत थंड पडतं, त्यापेक्षा कोलवाळहून हायवेने पत्रादेवीपर्यंत जाऊन परत या, साठ-सत्तरच्या स्पीडने, एक गिअर खाली ठेवून, दोन हजारच्या वर आरपीएम. आयडल नेहमीपेक्षा किंचित वर असेल, पंखा जोरात फिरत असेल, गरम लोखंडासारखा वास येत असेल तर रीजन चालू आहे, घर आलं तरी बंद करू नका, अजून एक फेरी मारा.

हे सगळं करून, स्कॅनरवर राखेचाच आकडा जास्त निघाला, तर मग डबा काढून मशीनवर साफ करून घ्या, सव्वा लाखाच्या मानाने ते पुष्कळ स्वस्त पडतं. आकडे काढलेत की इथे लिहा, कूलंटचं तापमान आणि आयडलचं प्रेशर तरी नक्की लिहा. आणि तुमचा रोजचा वापर यापुढेही आठ-नऊ किलोमीटरचाच राहणार असेल तर पुढची गाडी डिझेल घेऊ नका, पेट्रोल घ्या.